घरात पक्षी आहे का

सासूबाईंचा खोकला मला भिंतीपलीकडून, जिन्यावरून, अगदी कपडे धुण्याचं मशीन चालू असतानाही ओळखू येतो. कोरडा, आखूड, जोडीजोडीनं येणारा. आधी तो फक्त हिवाळ्यात यायचा. या वर्षी झाडांवरची सफरचंदं उतरायच्या आधीच आला, आणि त्याच्या मागोमाग संध्याकाळचा बारीक ताप. तेव्हा मी मोएचं अंथरूण त्यांच्या खोलीतून उचललं आणि वर आमच्या खोलीत नेलं.

मोए चार वर्षांची आहे. अंगावरचं दूध सुटल्यापासून ती आजीजवळ झोपते.

"मग आजीला कोण थोपटणार?" तिनं विचारलं.

"आजी मोठी आहे. तिला थोपटावं लागत नाही."

"लागतं. ती सांगत नाही."

आमचं घर लाकडी. वर कुणी कूस बदलली तरी खाली कळतं. सासूबाईंनी हे सगळं ऐकलं असणार. सकाळी पाहिलं तर मोएची छोटी उशी आणि तिचा कापडी ससा जिन्याच्या पहिल्या पायरीवर नीट मांडून ठेवलेले. मागे राहिलेलं सामान परत करावं तसे.

केइगो, माझा नवरा, घड्याळांचे बारीक सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात आहे. कामावर तो केसाच्या जाडीचा फरक पकडतो आणि घरी आईचा चेहरा उतरलेला त्याला दिसत नाही. मला म्हणाला, "पोर झाल्यापासून तू भिंतींनासुद्धा थर्मामीटर लावतेस. खोकला आहे, जाईल."

"तीन हिवाळे झाले. गेला का?"

"आईला विचार ना."

आईला विचारून काय होणार होतं? त्या म्हणायच्या, "ओकायाची थंडी आहे बाई. तळ्यावरून वारा येतो. इथे सगळेच खोकतात." आणि जिना चढून आल्या की कठड्याला धरून, जणू खिडकीबाहेर काही बघायचं आहे अशा उभ्या राहायच्या. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची पत्र्याची शेड आहे. तिच्यात इतका वेळ बघण्यासारखं काही नाही.

मीच त्यांना इस्पितळात नेलं. मला धास्ती होती तो क्षय नव्हता. हे ऐकून मला इतकं हलकं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. कारण फुफ्फुसांच्या फोटोत दोन्ही बाजूंना धुकं पसरल्यासारखं दिसत होतं आणि मी मात्र मोएला लागण नाही या आनंदात होते.

डॉक्टर उगाकी माझ्याच वयाच्या. केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ. त्यांनी सासूबाईंच्या पाठीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मग मला म्हणाल्या, "तुम्हीही ऐका." खोल श्वासाच्या शेवटी बारीक चरचर येत होती, पिशवीची चिकटपट्टी हळूहळू सोडवावी तशी.

"घरात पक्षी आहे का?" त्यांनी विचारलं. "पोपट, कबुतरं, कोंबड्या? कधी पाळले होते?"

"शेजाऱ्यांचं मांजर आहे," सासूबाई म्हणाल्या. "ते पक्षी खातं. आमचा पक्ष्यांशी तेवढाच संबंध."

डॉक्टर हसल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. बुरशी? ओल? हवा दमट ठेवायचं यंत्र? मी सगळ्याला मान हलवत गेले, कारण मला सगळ्याचाच संशय होता.

सासूबाईंना भरती करून घेतलं. घशातून बारीक नळी घालून फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात मिठाचं पाणी सोडलं आणि ते परत ओढून घेतलं. त्या पाण्यात काय सापडलं ते डॉक्टरांनी मला बाहेरच्या बाकावर बसून सांगितलं. मी कॉलेजात पोषणशास्त्र शिकले आहे, पेशी म्हटलं की पुस्तकातली गोल चित्रं आठवतात. पण ती चित्रं कुणाच्या छातीत असतात असं तेव्हा कधी वाटलं नव्हतं.

"निरोगी फुफ्फुसात बहुतेक झाडूवाल्या पेशी असतात," त्या म्हणाल्या. "धूळ येते, त्या गिळतात, विसरतात. गाजावाजा नाही. तुमच्या सासूबाईंच्या पाण्यात त्या थोड्या आहेत आणि लिंफोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. या पेशी लक्षात ठेवणाऱ्या. एकदा एखाद्या वस्तूला चोर ठरवलं की ती परत दिसताच गोळा होतात, आणखी पेशींना हाका मारतात, जागोजागी गुठळ्या करून बसतात."

"म्हणजे त्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे?"

"उलट. कामाला फार तत्पर आहे. चोर नसलेल्यालाच चोर समजते आहे आणि मारामारी घरातच चालली आहे. फुटतात ती घरचीच भांडी."

मी म्हटलं, "मग औषधानं त्या पेशी शांत होतील ना?"

"होतील. पण ती वस्तू येतच राहिली तर औषध संपलं की पुन्हा तेच. आणि प्रत्येक खेपेला थोडा वण राहतो. वण पडलेलं फुफ्फुस ताणलं जात नाही, ते कायमचं. आज जिन्यावर धाप लागते आहे. पुढे सपाटीवर लागेल." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "आम्ही अजून औषध दिलेलं नाही, तरी त्यांचा ताप गेला. बघितलंत? म्हणजे ती वस्तू तुमच्या घरात आहे. ती कोणती, ते मला हवं आहे."

वस्तू शोधायची रीतही त्यांनी सांगितली. सासूबाईंना दोन रात्रींसाठी घरी सोडायचं. ताप, खोकला, रक्त, सगळं आधी आणि नंतर बघायचं. "फक्त एक करा. घर जसं होतं तसंच ठेवा. काही हलवू नका."

घरी आल्यावर मी केइगोला हे सांगितलं आणि सांगता सांगताच बादली भरायला लागले.

"जसं होतं तसं म्हणाल्या ना डॉक्टर?" तो म्हणाला.

"हो."

"मग हे काय?"

"इस्पितळातून माणूस येणार आणि मी घर झाडू नको?"

"धूळ पण तशीच ठेव असा त्याचा अर्थ होतो, योरिको."

"धूळ कुणी ठेवतं का?"

त्यानं हात वर केले. मी न्हाणीघराच्या फरशांच्या सांधी घासल्या. पाल्याच्या लोणच्याचं पिंप शेजारणीच्या पडवीत नेऊन ठेवलं. दमट हवेचं यंत्र टाकून दिलं. सासूबाईंच्या खोलीतल्या चटया पुसल्या आणि अंथरूण-पांघरूण बदललं. माझं म्हणणं साधं होतं: आजारातून उठलेल्या माणसाला उकळता येईल, उन्हात टाकता येईल असं कापसाचंच द्यावं. तेव्हा कपाटातली जुनी कापसाची जड रजई काढली, आणि त्यांची रोजची लाल दुलई पिशवीत घालून, हवा ओढून, पापडासारखी चपटी करून वरच्या कप्प्यात ठेवली.

ती लाल दुलई माझ्या आईनं दिलेली. आमच्याकडे जपानात साठी झाली की माणूस पुन्हा तान्हं होतं म्हणतात आणि त्याला लाल काहीतरी देतात. लोक टोपी देतात, बंडी देतात. माझी आई हामामात्सुची. तिथे हिवाळ्यातही संत्री झाडावर पिकतात. लग्नाच्या वेळी ओकायाला आली तेव्हा ती तीन मोजे घालून कुडकुडत होती. "विहीणबाई या गारठ्यात झोपतात कशा?" हे तिच्या मनातून गेलंच नाही. साठीला तिनं दुलई पाठवली. गडद लाल खोळ आणि आत बदकाची पिसं. हातात घेतली तर वजन नाही, आणि अंगावर घेतली तर चुलीजवळ बसल्यासारखं.

सासूबाई घरी आल्या. दोन रात्री गेल्या. ताप नाही, खोकला नाही, रक्तही ठीक. केइगोनं ईल मासा आणला. मी आत कुठेतरी फुशारले होते: घासलं म्हणून गेलं.

डॉक्टर उगाकींना मात्र आनंद झालेला दिसला नाही. "चांगलंच आहे," त्या म्हणाल्या, "पण मग माझ्या हाताला काहीच लागलं नाही. काही बदललं होतं का घरात?"

"थोडं झाडलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. शाळेतल्या बाई चुकलेली बेरीज बघतात तसं. "ठीक. लक्ष ठेवा. परत ताप आला तर त्या दिवशी काय वेगळं होतं ते मला सांगा."

लक्ष ठेवायला मला सांगावं लागत नाही. मोएचं अंथरूण मी अजून वरच ठेवलं होतं. सासूबाईंनी एकदाच विचारलं, भांडी पुसता पुसता, माझ्याकडे न बघता, "अजून थोडे दिवस का?" मी म्हटलं, "अजून थोडे, आई." त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. पोराच्या बाबतीत घाई नको." आणि तोच पेला परत पुसला.

वर्षअखेरच्या भेटी द्यायचे दिवस आले तशी माझी आई संत्र्यांची पेटी घेऊन आली. शनिवारी दुपारी मी तिला स्टेशनवरून गाडीनं आणलं. वळणावरूनच दिसलं: आमच्या घराच्या वरच्या कठड्यावर लाल दुलई उन्हात पसरलेली, रस्त्यावरून येणाऱ्याला चुकूनही चुकणार नाही अशी. मी ती कप्प्यात ठेवली होती. सासूबाईंनी काढली होती.

मला त्यात नवल वाटलं नाही. दिलेली वस्तू, देणारा आला की वापरात दिसली पाहिजे. माझ्या आईनंही सासूबाईंनी दिलेला लाकडी कंगवा केसांत खोवला होता, आणि तिचे केस कंगवा टिकावा इतके राहिलेले नाहीत.

दोघी खालून गरम होणाऱ्या बुटक्या मेजाखाली पाय घालून संत्री सोलत बसल्या.

"विहीणबाई, दुलई अजून अगदी नवीसारखी ठेवलीत की."

"तिच्यावाचून मला झोपच येत नाही. इस्पितळात तीच आठवायची."

"मला वाटलं लाल रंग भडक होईल."

"छे हो. या वयात कुणीतरी लाल घाला म्हणतंय, हेच खूप."

मोए मध्ये बसून सालींची माळ करत होती. त्या रात्री पाहुणीची गादी सासूबाईंच्या शेजारच्या खोलीत घातली, मधला सरकता दरवाजा उघडा ठेवला, आणि सासूबाई लाल दुलई घेऊन झोपल्या.

रविवारी सकाळी त्या दोनदा खोकल्या आणि संत्र्याचा धागा घशात अडकला म्हणाल्या. दुपारपर्यंत गालांवर लाली आली. चारच्या सुमारास मी कपाळावर हात ठेवला. ताप होता.

माझं डोकं आधी नेहमीच्याच वाटेनं धावलं. माझ्या आईनं आगगाडीतून सर्दी आणली असेल. संत्र्यांवर फवारणी असेल. मोएला काही होईल. मी मोएला वर पाठवलं आणि खाली आले. मग डॉक्टरांचा प्रश्न आठवला. काय वेगळं होतं?

सासूबाई बसल्या होत्या तिथेच पडवीजवळ दुलईची घडी होती. मी ती उचलली तेव्हा माझ्या काळ्या लोकरी बाहीवर एक पांढरं, नखाएवढं पीस चिकटलं. असली पिसं मी तीन वर्षं झटकत आले आहे. सासूबाईंच्या केसांतून काढली आहेत, मोएच्या सशावरून काढली आहेत. एकदाही ती मला पिसं म्हणून दिसली नव्हती. ती दुलईची होती, बस.

मी फुंकर मारली नाही. पीस कागदात गुंडाळलं आणि स्वयंपाकघरात गेले. आई आंघोळीला गेली होती. सासूबाई चहाचं पाणी ठेवत होत्या, एक हात ओट्यावर टेकून.

"आई, तुम्हाला या दुलईत झोपलं की सकाळी कसं वाटतं?"

त्यांनी आधी पाण्यावर झाकण ठेवलं, तेव्हाच मला कळलं.

"छातीत कुणी पीठ भरल्यासारखं," त्या म्हणाल्या. "पण थंडीत तसं होतंच."

"कापसाच्या रजईत होत नाही?"

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत कसलं. आपलं, वाटायचं."

"डॉक्टरांनी तोंडावर विचारलं की हो, घरात पक्षी आहे का म्हणून."

"दुलई म्हणजे पक्षी आहे का?" त्या चिडून म्हणाल्या. "तिला चोच आहे? आणि समजा वाटलं, तर काय सांगू? विहिणीनं प्रेमानं पाठवलं आणि मी म्हणू, तुमच्या मायेनं मला ताप येतो?" त्यांना खोकला आला. तो ओसरेपर्यंत थांबून, मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या आईला सांगू नकोस. वर्षातून दोनदा तर येते ती. तेवढ्यापुरतं मी काढीन. बाकी दिवस कपाटात."

"दोनदासुद्धा नाही चालणार."

"चालतं गं. सगळं चालतं."

आतून माझ्या आईची हाक आली, टॉवेल कुठे आहे म्हणून. सासूबाईंनी माझा हात दाबला. मी काहीच वचन दिलं नाही, पण न देणं त्यांना दिल्यासारखंच वाटलं असणार. त्या रात्री मी दुलई "खोळ धुवायची आहे" म्हणून उचलून नेली आणि ती आमच्या गाडीच्या डिकीत ठेवली.

सोमवारी सकाळी आईला स्टेशनवर सोडायला गेले. गाडीला वेळ होता. बाहेर धुकं होतं, आम्ही मोटारीतच बसून राहिलो. मला सारखं वाटत होतं की सासूबाईंचा हात अजून माझ्या मनगटावर आहे. आणि त्याच वेळी पिशवीच्या चिकटपट्टीसारखा तो आवाजही कानात होता. शेवटी आवाज जिंकला.

मी आईला सांगितलं. पेशींचं सांगितलं, पिसांचं सांगितलं, वणाचं सांगितलं. दुलई कठड्यावर का आली होती तेही.

तिनं कंगवा केसांतून काढला, हातात फिरवला.

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मी दर फोनला विचारायचे, ऊब येते ना."

"तुझा दोष नाही, आई. सगळ्यांच्या पेशी असं करत नाहीत. त्यांच्याच करतात."

"मोए तिथेच झोपायची ना?"

"तिला तपासून घेणार आहे. तिला काही त्रास नाही."

"हं." बराच वेळ ती काचेवरचं धुकं बोटानं पुसत राहिली. "आत्ता मागे फिरून माफी मागितली तर?"

"त्या शरमेनं जमिनीत जातील."

"तेच म्हणते. माफी मागितली की त्यांनाही मागावी लागणार. मग दोघी बसू मागत, एकमेकींपुढे वाकून." ती उतरली. "जा तू. त्यांना एकटं ठेवू नकोस."

संध्याकाळी घरचा फोन वाजला. सासूबाईंनी घेतला. ताप उतरला होता, आवाज अजून बसका होता. मी स्वयंपाकघरात मुळा किसत होते, किसणी थांबवली.

"अहो विहीणबाई, पोचलात का सुखरूप? ... काय? ... अगंबाई, हामामात्सुत इतका गारठा? ... गुडघे? ... नाही नाही, निर्लज्जपणा कसला त्यात. आपल्यातच तर आहे ... दिलेली वस्तू परत मागितली असं कोण म्हणेल, उसनी नेली म्हणायचं ... मला काय, माझी जुनी कापसाची आहे. जड आहे, पण मला जडच बरी वाटते आताशा ... नको, गडबड नको, तुमचे गुडघे बरे होईस्तोवर ठेवा. पुढच्या हिवाळ्यातही लागली तर ठेवा."

फोन ठेवून त्या नमस्काराला वाकून उभ्या राहिल्या, फोनसमोरच, समोर माणूस असावं तशा. मग स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"तुझ्या आईला खोटं अजिबात जमत नाही," त्या म्हणाल्या. "तिच्या अंगणात आत्ता संत्री पिकताहेत आणि म्हणे गुडघे गोठले."

मी किसणीकडे बघत होते. "मी सांगितलं, आई."

"ते कळलं."

"तुम्ही नको म्हणाला होतात."

"हो. म्हणाले होते." त्यांनी माझ्या हातातून मुळा घेतला. "इतका जाड किसतात का? सरक, मी करते."

दुलई दुसऱ्या दिवशी पार्सलनं गेली, सोबत सफरचंदं. दुलईवर जागा उरली म्हणून त्यांनी लोणच्याची एक पिशवीही कोंबली आणि वर लिहिलं, "गुडघ्यांना जपा". डॉक्टर उगाकींनी कागदातलं पीस पाहिलं, रक्त तपासायला पाठवलं. पक्ष्यांविरुद्धची खूण रक्तात सापडली. मोएची छाती त्यांनी दोनदा ऐकली आणि स्वच्छ आहे म्हणाल्या. सासूबाईंची चरचर पूर्ण गेलेली नाही. खाली, पाठीच्या दोन्ही कडांना थोडी राहील म्हणतात. "पण आता ती वाढायचं कारण नाही," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग सासूबाईंना, "पुढच्या वेळी मी पक्षी विचारला तर उशासुद्धा सांगा."

"मेलेला पक्षीही धरायचा हे आधी सांगायचं ना," सासूबाई म्हणाल्या.

घरी आलो तेव्हा मोएनं स्वतःच उशी आणि ससा बगलेत धरून जिना उतरायला सुरुवात केली होती. मी अंथरूण खाली आणलं. दुपारचं ऊन चटईवर होतं. दोघी लगेच आडव्या झाल्या, कापसाच्या रजईखाली. मोएनं आजीच्या पाठीवर थापट्या द्यायला सुरुवात केली आणि थोड्या वेळात स्वतःच झोपली.

मी दाराशी बसून राहिले. एका श्वासामागून दुसरा, मोठा आणि छोटा, दोन्ही ऐकत. मग पुढे सरकून सासूबाईंच्या कपाळावर हात ठेवला.

"नाहीये ताप," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "जा, चहा ठेव."